चारशे बारावी वस्तू

गुरुवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाच्या भांडारात दोन माणसं बाटल्या मोजत होती. बाई वहीतलं नाव वाचायच्या, भाऊ फळीवरची बाटली उचलून लेबल वाचायचे, दोन्ही जुळलं की बाई समासात पेन्सिलीची बारीक रेघ ओढायच्या. मागच्या दोन दिवसांच्या धरून दोनशे सत्त्याऐंशी रेघा झाल्या होत्या. वहीत वस्तू चारशे बारा. संध्याकाळी पाचच्या आत शेवटची रेघ ओढून खाली दोघांच्या सह्या झाल्या, तर बाई या खोलीतून सुटणार होत्या. नाही झाल्या तर नाही.

बाई इथल्या भांडारपाल. वय बावन्न, त्यातली एकोणीस वर्षं या खोलीत. खोली बारा फूट बाय अठरा. खिडकी नाही, कारण काही बाटल्यांना ऊन चालत नाही. दार आपोआप लागतं, कारण आतला वास बाहेर जायला नको. भिंतीतला हवा ओढणारा पंखा दिवसभर एका सुरात घुमतो. बाईंना तो ऐकू येत नाही. बंद पडला तरच कळतं, आणि मग त्या हातातलं काम टाकून बाहेर येतात.

भाऊ म्हणजे प्रयोगशाळा सहायक. वय एकेचाळीस, जाड भिंगांचा चष्मा, सतरा वर्षं नोकरी. आज कार्यभाराची सही झाली की भांडार त्यांचं.

“टपाल विभागात सगळ्यात घातक वस्तू कुठली असेल, बाई?” त्यांनी शिडीवरून विचारलं.

“बोला.”

“डिंक.”

“पुढची वाचा.”

टपाल विभागातली बदली बाईंनी मागून घेतली होती. दीडेक वर्षापासून त्यांना खोकला आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची सवय त्यांनी लावून घेतली होती. नवरा बसडेपोत वेळापत्रकं आखतो. कुठे किती थांबतात हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. एके दिवशी मागून येता येता तो म्हणाला, “किल्ली तुझ्या हातातच आहे.” पुढच्या आठवड्यात दोघं श्वासाच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी एक नळी दिली आणि तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ तीत फुंकून आकडा लिहायला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी आकडा चढायचा, कामाच्या दिवशी संध्याकाळी उतरायचा. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, तुमच्या खोलीत काय काय आहे. बाईंनी यादी नेली होती. डॉक्टरांचं बोट एका नावावर थांबलं. “याच्याशी तुमच्या छातीचं वैर जडलंय,” ते म्हणाले. “आता चिमूटभर धूळही पुरते. लवकर बाहेर पडलात तर बहुधा भरून निघेल. आणखी दोन वर्षं काढलीत तर बाहेर पडूनही फरक पडणार नाही.”

नाव होतं मॅलेइक ॲनहायड्राइड. विभागात नुसतं ‘मॅलेइक’. पांढरे खडे, दिसायला जाड्या मिठासारखे. याची धूळ डोळ्यात, नाकात, घामेजलेल्या कातडीवर पडली की तिथलीच ओल घेऊन आम्ल होते. म्हणून ते कोरड्या आणि थंड जागी ठेवायचं, घट्ट झाकणात, अमोनियाच्या जातीच्या द्रवांपासून लांब. या विभागात ते वर्षानुवर्षं तसं नव्हतं, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता.

आधीच्या भांडारपालांना ग्रंथालयाचा अनुभव होता. त्यांनी सगळी रसायनं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली. त्यामुळे मॅलेइकपासून वीतभर अंतरावर मिथिल अमाइनची बाटली आली. या दोघांची गाठ पडली तर भांडं फुटायला वेळ लागत नाही. बाईंनी एका मोठ्या सुट्टीत सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या आणि ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगवेगळ्या कपाटांत लावल्या. काम साडेतीन आठवडे चाललं, तोंडाला कागदी पट्टी बांधून. कागदी पट्टी शिंकेसाठी असते, या धुळीसाठी नसते, हे बाईंना नंतर कळलं. खोकला तेव्हापासूनचा.

आणि झाकणांची रीत. या विभागात बाटली परत ठेवताना झाकण आवळत नाहीत. आवळलं तर पुढच्याला उघडताना झटापट करावी लागते, आणि तसं करणारा माणूस आडमुठा समजला जातो. नवीन आलेल्याला ही रीत कोणी शिकवत नाही. तो आठवडाभरात आपोआप शिकतो. बाईंनी पाट्या लावल्या, बैठकीत विषय काढला, रोज संध्याकाळी हिंडून स्वतः झाकणं आवळली. लोक “हो बाई, बरोबर आहे” म्हणाले आणि सैल ठेवत राहिले. हिंडून आवळणारी एक, सैल ठेवणारे तीस. सैल झाकणातून दमट हवा शिरत गेली. मॅलेइकचा पुठ्ठ्याचा डबा तळाशी फुगला, त्याची पत्र्याची कड गंजली. आत अजून सात किलो माल होता. डबा शेजारच्या लहान प्रयोगशाळेत हलवला, पण त्याची धूळ भांडाराच्या फळ्यांवर राहिलीच. वहीतली चारशे बारावी वस्तू ती.

“फुटक्या डब्यावर मी सही करणार नाही,” भाऊंनी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. “राग मानू नका.”

बाईंनी मानला नाही. भाऊंच्या जागी त्यांनीही सही केली नसती. पण कार्यभार अर्धा देता येत नाही. चारशे अकरा वस्तूंची सही ही सहीच नसते. बदलीचा हुकूम महिनाअखेरपर्यंतचा होता आणि महिनाअखेर गुरुवारीच होती. पाचनंतर टपाल विभागातली खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाची.

विभागप्रमुखांनी एक उपाय सुचवून पाहिला होता. “थोडं थोडं सिंकमध्ये सोडा ना. पाण्यात विरघळतंच की.”

“विरघळतं म्हणजे नाहीसं होत नाही, सर. आम्ल होऊन खाली जातं. खाली कोणीतरी पाइप साफ करतं.”

“मग विल्हेवाटवाल्यांना देऊन टाका.”

“त्यांची गाडी वर्षातून दोनदा येते. आता दोन महिन्यांनी. आणि फुटका डबा ते गाडीत चढवत नाहीत.”

“म्हणजे तुम्ही सगळ्या बाजूंनी विचार केलाय,” सर म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

राहिला एकच मार्ग. डबा आहे तसा उचलून मोठ्या निळ्या पिंपात ठेवायचा. पिंपात आधी जाड प्लास्टिकची पिशवी पसरायची, डबा आत गेला की तिचं तोंड बांधायचं, वर रबरी कडीचं झाकण, झाकणावर नाव, वजन, तारीख आणि धोक्याची खूण असलेलं नवं लेबल. एवढं झालं की भाऊ सही करायला तयार होते, आणि विल्हेवाटीची गाडीही ते पिंप नेणार होती. तासाभराचं काम. पण मॅलेइक उघडं असताना बाईंनी तिथे पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं. म्हणून ठरलं की काम भाऊंनी करायचं, आणि बाईंनी दाराच्या काचेतून बघत फोनवर सांगायचं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चारशे अकरावी रेघ ओढली गेली. अडीचला भाऊ लहान प्रयोगशाळेत शिरले. लांब बाह्यांचा कोट, बाहीवर ओढलेले दुहेरी हातमोजे, तोंडावर गाळणीचा मुखवटा, आणि डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल, तोही चष्म्यावरून. फोन कोटाच्या खिशात, वायर कानात.

“चंद्रावर चाललोय असं वाटतंय,” त्यांचा आवाज मुखवट्यातून आला.

“पोचलात की कळवा. पंखा सुरू करा आधी.”

डबा फ्यूम हूडमध्ये होता, म्हणजे वरून हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या दाराच्या कपाटात. त्याच्याभोवती सांडलेले खडे आधी उचलायचे होते.

“ब्रश नको. ब्रशने उडतं. छोटं फावडं घ्या.”

“माहीत आहे, बाई.”

“माहीत असलेलंच सांगतेय. सगळं कोरडं उचला, ओलं फडकं शेवटी. आणि फडकं कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या पिशवीत.”

“घरी पण अशाच असता का?”

“घरी मी फोन ठेवून देते.”

तीन वाजून बारा मिनिटांनी सगळं कोरडं झालं. हूडच्या काचेखालून निळं पिंप आत जात नव्हतं, ते दोन पावलांवर जमिनीवर ठेवलेलं होतं. म्हणजे शेवटचं उचलणं तेवढं हूडच्या बाहेर.

“आता डब्याचं झाकण दाबा. टक असा आवाज येईपर्यंत.”

“बसलंय.”

“दाबलंत?”

“बसलंय हो.”

भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हातांना सतरा वर्षांत झाकण बसण्याचा जो अर्थ माहीत झाला होता, त्या अर्थाने ते बसलंच होतं: वर ठेवलं, हलकेच फिरवलं, सोडलं. एवढ्यात गॉगलच्या आत घामाची वाफ धरली. चष्म्याची भिंगं धुरकट झाली, पिंपाचं तोंड दिसेना. भाऊंनी मनगटाने गॉगल कपाळावर सरकवला, अर्ध्या मिनिटापुरता, आणि दोन्ही हातांनी डबा उचलला.

बाईंनी काचेवर थाप मारली. “गॉगल. भाऊ, गॉगल.”

सात किलोचा डबा हवेत असताना माणसाला गॉगल खाली ओढायला हात नसतो. डब्याचा मऊ पडलेला तळ बोटांखाली दबला, डबा कलला, झाकण घसरलं. पांढरा फुत्कार वर आला आणि चष्म्याच्या कडेने आत शिरला. डबा पिंपात पडला. भाऊ डोळे घट्ट मिटून जागच्या जागी उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले. “डाव्यात गेलं.”

“हात लावू नका. मोजे घातलेत तुम्ही. उभे राहा तसेच.”

दाराबाहेर खुंटीवर दुसरा मुखवटा आणि गॉगल होता. बाईंनी ते चढवले, पट्टे ओढले, तळहाताने मुखवटा झाकून कुठून हवा गळत नाही ना ते पाहिलं. अकरा सेकंद. भाऊंच्या मते पाच मिनिटं. मग त्या आत गेल्या, त्यांना खांद्याला धरून डोळे धुण्याच्या नळापाशी नेलं, मोजे उतरवले, चष्मा काढला, पायाने पट्टी दाबली. दोन धारा वर उडाल्या. बाईंनी दोन बोटांनी डाव्या डोळ्याच्या पापण्या ताणून धरल्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन सोळा.

“किती झाली?”

“चार मिनिटं.”

“पुरे की. पाणी पार पाठीत चाललंय.”

“पंधरा. बुबुळ फिरवा. वर. आता खाली.”

“बायको रागावली तरी एवढा वेळ मान धरत नाही हो.”

“धरायला हवी होती. आता डावीकडे बघा.”

सातव्या मिनिटाला भाऊंची थट्टा थांबली. मग म्हणाले, “हे लिहू नका.”

बाईंनी पापणी सुटू दिली नाही. का लिहायचं नाही, ते दोघांनाही पाठ होतं. अपघाताची नोंद झाली की ती वस्तू जागच्या जागी गोठते, आणि तिचा कार्यभारही; चौकशी संपेपर्यंत तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतो. मागची चौकशी पंचेचाळीस दिवस चालली होती.

“डबा पिंपात गेलाय. पिशवी बांधतो, झाकण आवळतो, आत्ता सही करतो,” भाऊ पाण्यातून बोलत होते. “पाचला तुम्ही मोकळ्या. मी घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगतो.”

“कसली धूळ?”

“धूळ म्हणजे धूळ. रस्त्यावरची.”

“रस्त्यावरच्या धुळीला ते थेंब देतील आणि घरी पाठवतील.”

“मग नाव सांगतो.”

“नाव सांगितलं की कुठलाही डॉक्टर आधी इथे फोन करील. नोंद क्रमांक विचारील.”

पाण्याच्या आवाजात बाईंच्या मुखवट्याच्या झडपेची टिकटिक ऐकू येत होती, आणि त्या टिकटिकीखाली बारीक शिटी. शिटी झडपेची नव्हती.

तीन एकतीसला पाणी बंद केलं. बाईंनी त्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये आणलं, चष्मा धुऊन दिला आणि समोरच्या भिंतीवरची सूचना वाचायला सांगितली. उजव्या डोळ्याने भाऊंनी ती तळापर्यंत वाचली. मग उजवा झाकला.

“पांढरं आहे सगळं,” ते म्हणाले. “अक्षरं आहेत. पण वाफेतून बघतोय असं.”

बाईंनी मुखवटा काढला, खिशातला श्वासाचा पंप दोनदा ओढला, आणि टेबलाच्या खणातून अपघाताची वही काढली.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. त्यांना कोणीतरी कळवलं होतं. त्यांनी भाऊंचा डोळा पाहिला, उघडी वही पाहिली, घड्याळ पाहिलं. सर वाईट माणूस नाहीत. बाईंच्या बदलीच्या अर्जावर त्यांनी एका दिवसात शिफारस लिहिली होती.

“बाई, ही नोंद उद्या सकाळी केली तर?” ते हळू आवाजात म्हणाले. “उद्याच्या तारखेने. आज तुमच्या सह्या होऊन जातील. उद्या नोंद क्रमांक घेऊन भाऊ रुग्णालयात जातील. कोणाचं काही बिघडत नाही.”

“मी थांबतो एक दिवस,” भाऊ म्हणाले. “दुखत नाहीये फार.”

“डोळा उद्यापर्यंत बिघडणार नाही, एवढं लिहून द्या, सर,” बाई म्हणाल्या. “मग मी आज सही करून जाते.”

सरांनी खिशातलं पेन चाचपलं. काढलं नाही. “मी काही डॉक्टर नाही,” ते म्हणाले.

“मीही नाही.”

नोंद अकरा ओळींची आहे. वेळ तीन चौदा. वस्तूचं नाव, वजन, जागा. झाकण पूर्ण बसलेलं नव्हतं. गॉगल कपाळावर होता. शेवटच्या ओळीत, कोणी विचारलेलं नसताना, बाईंनी लिहिलं: चष्मा वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला वाफ धरणारा गॉगल देण्यात आला, ही देखरेखीतील चूक, देखरेख भांडारपालांची. खाली सही. नोंद क्रमांक सात.

तीन त्रेपन्नला कॉलेजची गाडी निघाली. भाऊंच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात मॅलेइकचं माहितीपत्रक आणि क्रमांकाची चिठ्ठी होती. बायको थेट रुग्णालयात येणार होती.

“हट्टी आहात तुम्ही,” गाडीत बसताना ते म्हणाले.

“डोकं आत घ्या,” बाई म्हणाल्या, आणि दार लावलं.

साडेचारला सुरक्षा अधिकारी पूर्ण पोशाखात आत गेले. त्यांनी पिशवी बांधली, पिंपाची कडी आवळली, जमीन पुसली आणि दारावर लाल पट्टी चिकटवली. लेबलावर जबाबदार व्यक्ती असा एक रकाना असतो. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, इथे काय लिहू. बाईंनी स्वतःचं पद सांगितलं.

पाचला पाच मिनिटं असताना टपाल विभागातून फोन आला. तिथल्या मुख्य कारकुनाने उद्यासाठी टेबल पुसून ठेवल्याचं सांगितलं.

“सही झाली नाही,” बाई म्हणाल्या.

“अरेरे. मग पुढच्याला कळवू?”

“कळवा.”

“तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली होती मी.”

“त्यालाच द्या.”

नवऱ्याचा फोन सहाला. तो कधीही सरळ प्रश्न विचारत नाही, पण त्या दिवशी विचारला.

“सुटलीस?”

“नाही.”

“किती दिवस?”

“चौकशी दीड महिना. मग पुन्हा अर्ज. पहिल्यापासून.”

त्याच्या मागे बस सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. “पंप ओढलास?”

“दोनदा.”

“मी घ्यायला येतो,” तो म्हणाला. “जिन्यात घाई करू नकोस म्हणजे झालं.”

सहा वीसला भाऊंच्या बायकोचा निरोप आला. बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलाय. पट्टी चार दिवस, थेंब दर दोन तासांनी. नजर येईल असं डॉक्टर म्हणतात. आजचा दिवस घालवला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. निरोपाच्या शेवटी रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, एवढं विचारलं होतं.

भाऊंची रजा सोमवारपर्यंत मंजूर झाली आहे. बदली माणूस मिळालेला नाही, त्यामुळे तोवर प्रयोगशाळा सहायकाचं कामही भांडारपालांकडे. उद्या शुक्रवारी साडेनऊला तिसऱ्या वर्षाच्या चोवीस विद्यार्थ्यांची तुकडी आहे. प्रत्येकाला दोन ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल लागतं. ते भांडारात, तराजूवर, पावणेनऊपासून मोजायला घ्यावं लागतं.